एका हाताचा स्टँड

स्टँड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला चालीवरून ओळखू येतं. एक हात कमरेवर, तोंड आंबट, आणि दारातून आत आल्या आल्या आधी खुर्ची कुठे आहे ते बघणार. दुरुस्तीला चाकं अधांतरी हवीत म्हणून शंभर-सव्वाशे किलोची मोटरसायकल दुधाच्या रिकाम्या क्रेटवर चढवायला गेलेला असतो आणि कमरेत उसण भरलेली असते. मग त्याला मॅव्हिस आठवते. मॅव्हिस म्हणजे मीच. ड्राय वेल्सला, हायवेच्या वळणावर, बत्तीस वर्षं डर्ट बाइकचं सामान विकतेय. नवरा होता तेव्हा तो विकायचा आणि मी गिऱ्हाइकांशी भांडायचे. तो गेल्यापासून दोन्ही कामं माझ्याकडे आहेत.

त्या मंगळवारी रोवीना टीग आली ती मात्र ताठ चालत आली. तिची कमर ठणठणीत होती. डावा हात जॅकेटच्या खिशात होता. तीन वर्षांपूर्वी ती गाडीवरून पडली, खांद्यावर आपटली आणि मानेतून हातात जाणाऱ्या नसाच तुटल्या. हात जागेवर आहे, पण नुसता लोंबतो. सकाळी उठली की दुसऱ्या हाताने तो उचलायचा आणि खिशात ठेवून द्यायचा. "सामान आहे, हरवायला नको," असं ती म्हणते.

तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ एमेट आला. एमेट वाळवंटातल्या शर्यती पळतो, सोळाव्या वर्षापासून. आणि सोळाव्या वर्षापासून त्याची गाडी सांभाळते ती रोवीना. दोघांचा ट्रक बाहेर उभा होता, मागे गाडी बांधलेली.

"मॅव्हिस, हिला जरा स्टँड दाखव," एमेट म्हणाला, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, दाखव बाई, तिचं समाधान होऊ दे.

मला त्याच्या भुवयांचा राग आला. पण खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

"कुठे वापरायचाय?" मी विचारलं. "घरी तर तू छताला कप्पी टांगलीयेस ना? तिनेच ओढतेस की गाडी."

"शनिवारच्या शर्यतीला वाळवंटात छत कुठून आणू?" रोवीना म्हणाली. "पिटमध्ये पाहिजे. आणि आजच पाहिजे. बारस्टोचा एक माणूस सहा वाजेपर्यंत याच्या फोनची वाट बघतोय."

"कोण माणूस?"

"माझ्या जागी उभा राहणारा."

"तुझ्या जागी नाही गं," एमेट म्हणाला. "तुझ्या मदतीला."

"मी खुर्चीत बसणार, हा माणूस गाडी उचलणार. त्याला मदत म्हणतात होय?"

आमच्याकडे मेकॅनिक ओळखायची एकच खूण आहे. चाळीस मैल धोंडे तुडवून गाडी पिटमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या दुरुस्तीच्या थांब्यावर येते, स्वार उतरतो, आणि जो माणूस ती गाडी स्टँडला लावतो तो त्याचा मेकॅनिक. बाकीचे पाणी द्यायला आणि माश्या मारायला. तुझी गाडी कोण लावतं, असंच विचारतात इथे. गेली तीन वर्षं एमेटची गाडी कधी हा लावायचा, कधी तो, आणि रोवीना बाजूला उभी राहून सांगायची काय करायचं ते. तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पाठीमागे सगळे बोलले. मीही.

"अट काय आहे?" मी विचारलं.

"एकदा," एमेट म्हणाला. "कुणी हात न लावता हिने एकदा लावून दाखवायची. लगेच बारस्टोला नाही म्हणून कळवतो." मग हळूच म्हणाला, "मॅव्हिस, मलाही ती खुर्चीत नकोय. पण मागच्या वेळी गाडी तिच्या अंगावर आली. मी बघितलंय ते."

दुकानात सिमेंटची फरशी आहे. तिथे करून बघ म्हटलं तर रोवीनाने मान हलवली. "पिटमध्ये फरशी असते का?" म्हणून आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथे नुसती वाळू आहे आणि दुपारचा वारा ती सगळ्यांच्या दातांत भरतो. मी दुकानातले सगळे स्टँड बाहेर काढून ओळीने मांडले, आणि एक सूर्यफुलाच्या बियांची पुडी फोडून कठड्यावर बसले.

आता गंमत अशी, की इतकी वर्षं मी स्टँड विकते पण स्टँडकडे असं कुणी बघताना मी पाहिलं नव्हतं. लोक येतात, रंग बघतात, जो स्वस्त तो उचलतात. रोवीना एकेका स्टँडपुढे उकिडवी बसली. त्याच्या पायांची रुंदी बोटांनी मोजली, वरचं रबर नखाने दाबून बघितलं, वाळूत दाबून किती रुततो ते पाहिलं. माझं बडबडणं आपोआप थांबलं.

पहिला साधा, ॲल्युमिनियमचा. गाडी उचलून वर ठेवायची, बास. तिने त्याला हातही लावला नाही. "हा दोन हातांचा," म्हणाली आणि पुढे सरकली.

दुसरा दांड्याने फिरवायचा. फिरवत राहिलं की गाडी वर येते. तिने रिकामाच फिरवून बघितला, ओठांनी मोजत. "तीस फेरे. तोवर चारजण पुढे जातील."

तिसरा पायाचा. खाली लांब पेडल असतं. स्टँड गाडीच्या पोटाखाली सारायचा, पेडलवर भार द्यायचा, की गाडी दोन्ही चाकांसकट वर जाते आणि खट् करून अडकते. म्हाताऱ्यांचा स्टँड म्हणून मी तो विकते. उचलायची ताकद लागत नाही. फक्त गाडी उभी धरून ठेवावी लागते.

"हाच," रोवीना म्हणाली. स्टँड वाळूत रुतू नये म्हणून तिने माझ्या कुंपणाची एक फळी मागितली. मी उपटून दिली.

एमेटने गाडी ट्रकमधून उतरवली, तिच्याकडे दिली आणि मागे झाला. ती गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. उजवा हात सीटवर, पाय पेडलवर. भार दिला. गाडी दोन बोटं वर आली, आणि पुढचं चाक आपलं आपण वळलं. हँडल धरायला डावा हात हवा, तो खिशात. गाडी पलीकडे कलंडली.

एमेटने धरली.

दुसऱ्यांदा तिने उजव्या हाताने हँडलच धरलं. पण त्यासाठी तिला एवढं वाकडं व्हावं लागलं की पाय पेडलपर्यंत पोचेना. कसाबसा पोचवला, तर मागची बाजू निसटली.

मी धरली. बियांची पुडी वाळूत सांडली, पण गाडी धरली.

तिसऱ्यांदा पुन्हा एमेटने.

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्या गावातल्या माणसाला सगळं जमेल, पण पडती गाडी नुसती बघत उभं राहणं जमणार नाही. लग्नात नवरी अडखळली तर आम्ही विचार करू. गाडी झुकली की हात आधी जातो, डोकं नंतर. माझ्या नवऱ्याची तीन बोटं अशीच मोडली होती, आणि गाडी त्याची नव्हती.

चौथ्या वेळेला रोवीनाला राग आला. "तुम्ही दोघं खिशात हात घाला बघू! मी घातलाय ना?"

आम्ही घातले. गाडी पुन्हा झुकली आणि आमचे चारही हात बाहेर आले.

साडेचार झाले होते. रोवीना वाळूत मांडी घालून बसली. एमेटने फोन काढून वेळ बघितली, परत ठेवला, परत काढला. ही बाई. तीन वर्षांत एका हाताने हिने काय काय शिकून घेतलंय ते मी बघितलेलं. नट गुडघ्यांत धरते, नळी दातांनी ओढते, एअर फिल्टरला तेल लावायचं तर मांड्यांमध्ये डबा. गाडीचा आवाज फोनवर ऐकून सांगते की चेन सैल आहे. आणि आता एका पेडलपुढे हरायची वेळ आली होती.

"रो, पुरे," मी म्हणाले. "या जन्मात जेवढं दाखवायचं तेवढं दाखवलंस. शनिवारी माझ्या शेजारी खुर्ची टाक. मीही बसते. दोघी मिळून त्या बारस्टोवाल्याला शिव्या घालू."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीकडे बघत होती.

"मॅव," ती म्हणाली, "आपण गाडीला डावीकडूनच का भिडतो?"

"भिडतो म्हणजे? सगळेच भिडतात."

"पण का?"

"साइड स्टँड डावीकडे असतो म्हणून."

"या गाडीला साइड स्टँड आहे?"

मी बघितलं. नव्हता. शर्यतीच्या गाडीला तो ठेवतच नाहीत, दगडात अडकतो. एमेटच्या एकाही गाडीला कधी नव्हता. त्याच्या बापाच्या गाड्यांनाही नव्हता. आणि तरी सगळं खानदान आयुष्यभर डावीकडूनच चढलं, डावीकडूनच उतरलं, आणि डावीकडूनच गाडी स्टँडला लावत आलं. मीही. बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना शिकवताना मी सांगत आले, गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहा. का राहा, हे मला एकानेही विचारलं नाही. मी तोंडातली बी गिळली.

"उजवीकडे सायलेन्सर असतो," एमेट म्हणाला. "मांडी भाजेल."

"आता गार आहे ना?"

ती उठली आणि गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेली. मी तिला तिथे उभी बघितली आणि मला कसंतरीच झालं. आपल्याच घरात कुणी भिंतीतून आत यावं तसं. इतकं ते चुकीचं दिसत होतं.

आणि मग मला दिसलं. त्या बाजूला उभं राहिलं की गाडीचं तोंड उजव्या हाताला येतं. तिचा चांगला हात आपोआप हँडलवर गेला. त्याच मुठीवर पुढचा ब्रेक असतो, तो तिच्या दोन बोटांखाली आला. आणि तो लोंबता डावा हात जिकडे होता, तिकडे नुसती गाडीची शेपूट. तिथे हाताचं कामच नव्हतं. तिथे तिने कंबर टेकवली.

"फळी इकडे सरकव, मॅव. पेडल माझ्या बाजूला कर."

मी गुडघ्यांवर बसून केलं.

तिने गाडी आपल्याकडे किंचित झुकवून घेतली, थोडीशीच, म्हणजे पलीकडे पडायचा प्रश्नच उरला नाही. डावा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. गाडी उठली, पण स्टँड फळीवरून घसरला आणि ती परत खाली आली. एमेट पुढे झेपावला. पण ती पडलीच नव्हती. रोवीनाच्या कमरेवर टेकून उभी होती.

"ब्रेक," ती स्वतःशीच म्हणाली. "वर येताना ती एक इंच मागे येते. मी तिला येऊ देत नाहीये."

एक इंच! हा स्टँड मी शेकड्यांनी विकला असेल. गाडी वर चढताना मागे येते हे मला माहीत होतं, पण ते पायाला कळतं हे माहीत नव्हतं. तिने पुन्हा पाय ठेवला. ब्रेक घट्ट धरला, भार दिला, आणि नेमक्या क्षणी दोन बोटं सैल सोडली. गाडी मागे आली आणि वर गेली. खट्.

दोन्ही चाकं हवेत. पुढचं चाक हळूहळू फिरत होतं. मी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही.

रोवीना हसत नव्हती. ती गाडीच्या शेपटीकडे बघत होती. मागच्या मडगार्डखाली एमेटचा तळहात होता.

"हात लावलास," ती म्हणाली.

"नुसता टेकलाय, रो. शप्पथ. भार नाही दिला."

"माहितीये. पण लावलास."

"अगं, मला कळलं ना तू केलंस ते. मी आत्ता फोन करतो."

"नको करू." तिने पायाने स्टँड सोडवला आणि गाडी वाळूवर उतरवली. "हे मोजायचं नाही. शनिवारी तुला वाटेल की तुझ्या हातामुळे लागली. मलाही वाटेल."

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, झालं की, चला. मीच म्हटलं असतं. एवढा घाम गाळून हातात आलेलं कोण परत टाकतं? तिने टाकलं. मला तिच्याकडे नीट बघवेना. देवळात कसं आपण खाली बघतो, तसं मी वाळूकडे बघायला लागले.

एमेटने हात पाठीमागे बांधले. मग त्याला स्वतःचाच भरवसा वाटला नसावा. तो वळला, कुंपणापाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी तार धरून उभा राहिला. "कर," म्हणाला.

त्यामुळे पुढचं फक्त मी बघितलं. आणि सांगते, मी मोठमोठ्या शर्यती बघितल्यात, माणसं हवेतून तीस फूट जाताना बघितलीयेत. पण छप्पन्न किलोची बाई, एका हाताने, वाळूत उभी राहून स्वतःच्या दुप्पट वजनाची गाडी उचलते आणि तिच्या कपाळावर आठीसुद्धा नाही, हे मी पहिल्यांदा बघत होते. ती उचलत नव्हतीच. गाडीला कुठे जायचंय ते तिला कळलं होतं, आणि ती वाटेतून बाजूला होत होती. मी धरायला पुढे गेले नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझे हात जागच्या जागी राहिले.

खट्.

एमेटने तार सोडली नाही. "लागली?" त्याने तिकडूनच विचारलं.

"ये बघ."

तो आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं चाक हाताने फिरवलं. मग फोन काढला आणि बारस्टोच्या माणसाला म्हणाला, "नाही, तशी गरज नाही. माझी गाडी माझी बहीणच लावते."

मला मात्र रात्रभर एकच घोर लागला. अंगणात गाडी गार होती. शनिवारी ती चाळीस मैल पळून येणार, सायलेन्सर तव्यासारखा तापलेला, आणि ही त्याला मांडी लावून उभी राहणार. आणि एमेट? धरायला कुंपणाची तार तिथे नसणार. सगळ्या पिटसमोर बहिणीची मांडी भाजताना बघून त्याचा हात पुढे गेला, तर संपलंच. मग पुढच्या शर्यतीला खुर्ची.

शनिवारी मी पहाटेच जाऊन त्यांच्या पिटमध्ये बसले, थंड बरिटो खात. कोरड्या तळ्यावर ट्रकांची ही रांग लागलेली. रोवीनाने डाव्या मांडीला जुन्या बुटाचं कातडं पट्ट्यांनी बांधलं होतं. फळी मांडलेली, वर स्टँड, पेडल उजवीकडे. शेजारच्या पिटवाल्याने ते बघितलं.

"रो, तुझा स्टँड उलटा लागलाय," तो म्हणाला.

"तू तुझं बघ," मी म्हणाले.

साडेनऊला धूळ दिसली. तिसऱ्या नंबरवर एमेट होता. सरळ आत आला, फळी उजव्या हाताला ठेवून थांबला आणि नेहमीसारखा डावीकडे उतरला. रोवीना उजवीकडे उभी. इतकी वर्षं दोघं गाडीच्या एकाच बाजूला खेटून असायची, आज पहिल्यांदा मधे गाडी आणि समोरासमोर. तिने हँडल घेतलं, फळीसकट स्टँड पायाने गाडीच्या पोटाखाली सारला, कंबर टेकवली. कातड्यातून धूर निघाला. मला वास आला. एमेटलाही आला असणार, तो हातभर अंतरावर होता.

मी त्याच्या हातांकडे बघितलं.

त्याने ते वर केले. दोन्ही हात, ग्लोव्हजसकट, डोक्याच्याही वर, पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे. डावीकडच्या पिटला दिसावेत, उजवीकडच्या पिटला दिसावेत, स्टँड उलटा म्हणणाऱ्या त्या शेजाऱ्यालाही दिसावेत इतके वर. तोंडाने नुसता श्वास घेत होता, हेल्मेटमधून घाम गळत होता, आणि डोळे बहिणीच्या पायावर.

चाळीस मैल वाळू खाऊन आलेला माणूस. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने मान हलवली. हात खाली आणायला तयार नाही. गाडी अजून लागायची होती.

मग मीच टाचा उंचावल्या आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली.